सात लिटरचा संसार

टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटबद्दल घरात कुणाचीही तक्रार नव्हती. पंचेचाळीसेक लिटरचं ते धूड वर्षानुवर्षं भिंतीला पाठ टेकून निमूट बसलेलं असे. एका रात्री त्याचं झाकण काढून धूळ पुसत होतो. आत एक बोर्ड, एक कार्ड, दोन पंखे आणि बाकी सगळी हवा. मनात आलं, आपण एवढी हवा कशासाठी सांभाळतोय? असा प्रश्न पडला की माणसाने दिवा मालवून झोपून जावं. मी वही काढली.

लहान कॅबिनेटवाल्यांचा एक पंथच आहे आणि त्यात माणसाची योग्यता लिटरमध्ये मोजतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. वीस लिटरवाला म्हणजे प्रापंचिक. दहाच्या आत आला की साधक. पाचच्या खाली गेलेला तर सिद्धपुरुषच, त्याला ग्राफिक्स कार्डाचीसुद्धा आसक्ती उरलेली नसते. माझी काही तेवढी तयारी नव्हती. मी सात लिटर ठरवले.

कागदावर सगळं इतकं सरळ होतं की आपण याआधीच हे का केलं नाही, असं वाटलं. मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान चौकोनी जातीचा बोर्ड, १७० बाय १७० मिलिमीटर. व्हाया कंपनीने २००१ मध्ये हे माप आणलं आणि ते अजून तसंच आहे. एसएफएक्स, म्हणजे धाकट्या मापाचा पॉवर सप्लाय, १२५ बाय १०० बाय ६३.५. कार्ड खोचायचे स्लॉट एकमेकांपासून २०.३२ मिलिमीटरवर, म्हणजे दोन स्लॉटचं कार्ड ४०.६४. (हे आकडे वेडेवाकडे दिसतात, कारण २०.३२ मिलिमीटर म्हणजे ०.८ इंच. कॉम्प्युटर वरवर कितीही मिलिमीटरमध्ये बोलला तरी मनातून अजून इंचातच आहे. हे मला पुढे फार महागात पडणार होतं.) बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे करायचे, मध्ये दीड मिलिमीटरचा पत्रा, आणि दोघांत निरोपांची ने-आण करायला एक चपटी रायझर केबल. अबोला धरलेल्या नवराबायकोच्या घरासारखी ही रचना असते. पॉवर सप्लाय बोर्डाच्या बाजूला, बोर्डापुढे. म्हणजे ६३.५ अधिक १.५ अधिक ४०.६४, झाले १०५.६४. त्यावर उदार मनाने सव्वा-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडली. ३३० बाय २०० बाय १०७. सात लिटर आणि वर बासष्ट मिलिलिटर. ते बासष्ट मिलिलिटर मला रात्रभर टोचत राहिले.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करावा, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं. आराखडा छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, चार भोकं पाडली आणि बोर्ड ठेवला. एक भोक जुळलं, बाकीच्या तिघांनी ओळखच दाखवली नाही. माझा पहिला संशय बोर्डावर गेला. शेवटी पट्टी लावून पाहिलं तेव्हा कागदावरचा बोर्ड १६५ मिलिमीटरचा निघाला. प्रिंटरने माझ्यावर उपकार म्हणून सगळा आराखडा ‘पानात मावेल असा’ छापला होता. खऱ्या मापाने पुन्हा छापला. या वेळी तीन भोकं जुळली. चौथ्याचं पाप मात्र माझंच होतं. या बोर्डाच्या चार भोकांपैकी एक मुळातच २२.८६ मिलिमीटर आत सरकलेलं असतं. मला ती आराखड्यातली चूक वाटली होती आणि मी ती परस्पर दुरुस्त केली होती.

पुठ्ठा जमला, पण पत्र्याचा स्वभाव वेगळा. पत्रा लेझरने कापून वाकवून देणाऱ्यांना फाइल पाठवली. त्यांचा फोन आला. “साहेब, हे एकशे सात आतलं माप की बाहेरचं?”

“माप ते माप,” मी म्हणालो. आवाजात किंचित करुणा होती.

त्या माणसाने क्षणभर थांबून “बरं” म्हटलं. त्या “बरं”मध्ये काय होतं ते मला डबा हातात आल्यावर कळलं. कागदावरच्या रेघेला जाडी नसते, पत्र्याला असते. दोन बाजूंचे दीड-दीड मिलिमीटर आतून वजा झाले आणि १०७ चे १०४ उरले. पॉवर सप्लाय सरळ घालून पाहिला, तिरका घातला, समजुतीने घातला, शेवटी गुडघ्याने घातला. शेजारी उभी राहून मुलगी हा सोहळा बघत होती. तिने विचारलं, “बाबा, मग आता याच्यात काय ठेवायचं?”

दुसरा डबा बाहेरून ११० चा केला. सात पूर्णांक सव्वीस शतांश लिटर. पंथात हे कुणालाही सांगितलेलं नाही.

या डब्याला पावडर कोटिंग करून आणलं. सुंदर काळा, खरखरीत रंग. तो आट्यांमध्येही सुंदर बसला होता, त्यामुळे एकही स्क्रू आत जाईना. मग प्रत्येक भोकातून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून रंग काढला, आणि पॉवर सप्लाय टेकतो तिथला घासून काढला, कारण धातूला धातू लागल्याशिवाय अर्थिंग मिळत नाही. ज्या हातांनी रंगाचं कौतुक केलं त्याच हातांनी तो खरवडायचा.

स्क्रूंविषयी मी सविस्तर बोलणार आहे, वाचणाऱ्याने धीर धरावा. कॉम्प्युटरमध्ये मुख्यतः दोन जातींचे स्क्रू येतात. एक एम-थ्री, तीन मिलिमीटरचा, दर अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. दुसरा सहा-बत्तीस, साडेतीन मिलिमीटरचा, इंचाला बत्तीस आटे. दोघेही काळे, दोघांची टोपी सारखी, आणि दोघे एकाच पुडीत गुण्यागोविंदाने नांदतात. एम-थ्री स्क्रू सहा-बत्तीसच्या भोकात घातला तर बोळक्या तोंडातल्या दातासारखा हलत राहतो. हे दिसतं तरी. उलट प्रकार घातक. सहा-बत्तीस स्क्रू एम-थ्रीच्या भोकात पहिला अर्धा फेरा अगदी बिनतक्रार जातो. मग जरा अडतो. आपल्याला वाटतं, रंग राहिला असेल. आपण जोर लावतो. तो कुरकुर करत आणखी एक फेरा जातो, आणि मग एकदम मऊ होतो. तो मऊपणा बोटांना कळतो त्या क्षणी पोटात खड्डा पडतो. आटे गेलेले असतात. डब्याच्या तळाशी असं एक भोक आहे. त्यावर मी रबरी पाय चिकटवला आहे. चार कोपऱ्यांना चार, आणि मध्येच एक पाचवा.

राहता राहिल्या केबली. आराखड्यात मी त्या काढल्याच नव्हत्या. चोवीस पिनांची केबल अंगठ्याएवढी जाड आणि स्वभावाने ताठ. ती कुठून जाते असं विचाराल, तर जिथे हवा जाणार होती तिथून. झाकण बंद करायला दोन माणसं लागली. एकाने दाबायचं, दुसऱ्याने स्क्रू लावायचे.

झालं. डबा टेबलावर ठेवला. खाली ठेवला तर धूळ ओढतो, म्हणून तो वरच. टेबलाखाली जुनं कॅबिनेट आहेच, त्यात उरलेला पत्रा आणि पहिला डबा ठेवलाय. मी दोन पावलं मागे होऊन बघितलं. मग चालू करायला बोट पुढे केलं आणि बोट डब्याभोवती सगळीकडे फिरून परत आलं.

बटणाला भोकच ठेवलं नव्हतं.

दोष सवयीचा. डबा येईपर्यंत कित्येक दिवस कॉम्प्युटर पुठ्ठ्यावर उघडाच चालत होता, आणि बोर्डावरच्या स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं की चालू व्हायचा. बटण म्हणजे तरी काय, त्याच दोन पिना क्षणभर जोडणारी वस्तू. आता भोक पाडायचं तर आधी सगळं बाहेर काढायला हवं, कारण धातूचा कीस बोर्डावर पडला तर तोही पिना जोडतो, फक्त भलत्या. आणि सगळं बाहेर काढायचं म्हणजे झाकण उघडायचं. आणि ते पुन्हा लावायचं.

मग एक शोध लागला. बाजूच्या जाळीतून, वरून तिसरी ओळ, डावीकडून पाचवं भोक, तिथून बारीक स्क्रू ड्रायव्हर घातला की नेमका पिनांवर जातो. बायकोला दाखवलं. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, एक डोळा मिटलेला. तिसऱ्या प्रयत्नात पंखा फिरला.

“आणि मला लावायचा असेल तर?” तिने विचारलं.

“लावायचा कशाला,” मी म्हणालो, “आपण आता बंदच करायचा नाही.”