आर्कची झिप जरूर करा, पण मूळ आर्क उडवू नका

जुने डॉसचे पीसी जपणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक सवय दिसते. एखाद्या फ्लॉपीवर किंवा शेअरवेअरच्या जुन्या सीडीवर आर्क फाइल (झिपच्या आधीच्या काळातली, अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली फाइल) सापडली की रूपांतराची एखादी छोटी युटिलिटी चालवायची, झिप तयार करायची आणि मूळ आर्क डिलीट करायची. पहिली दोन कामं मीही आवडीने करतो. तिसऱ्याला माझा ठाम विरोध आहे.

ही युटिलिटी स्वतः फार काही करत नाही. आर्क सोडवणारा प्रोग्राम चालवून सगळ्या फाइली एका तात्पुरत्या डिरेक्टरीत काढते, मग पीकेझिप या झिप बनवणाऱ्या प्रोग्रामकडून त्यांची झिप करून घेते. म्हणजे मूळ आर्क, सुट्या फाइली आणि नवी झिप या तिन्हींना एकाच वेळी जागा लागते. नुसत्या ३६० केबीच्या फ्लॉपी ड्राइव्हवर चालणाऱ्या मशीनवर ही मोठीच अडचण.

आता खरा धोका. आर्कमधल्या प्रत्येक फाइलीआधी २९ बाइटचं एक हेडर असतं. त्यात फाइलीचं नाव, तारीख, वेळ, आकार, दाबण्याच्या पद्धतीचा क्रमांक आणि १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे फाइल बिघडली आहे का ते ओळखायची पडताळणी-संख्या. फ्लॉपी तीस-पस्तीस वर्षांची असेल तर एखादा बाइट बिघडलेला असणं अगदी शक्य आहे. फाइल सोडवताना सीआरसी जुळत नाही अशी सूचना येते, पण खराब फाइल डिस्कवर लिहिली जाऊ शकते. शेकडो फाइलींचं काम बॅचमध्ये, म्हणजे एकामागून एक आपोआप, चालू असताना ती ओळ सरकन वर निघून जाते. पुढे पीकेझिप त्याच खराब फाइलीचा नवा, ३२ बिटांचा सीआरसी काढतो. झालं! आता ही झिप कितीही वेळा तपासा, उत्तर ‘ओके’च येणार. मूळ आर्क उडवली, की काही बिघडलं होतं याचा एकमेव पुरावाही गेला.

दुसरं कारण इतिहासाचं आहे. आर्क हा प्रोग्राम सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्या अमेरिकन कंपनीने १९८५ साली आणला आणि बीबीएसच्या, म्हणजे मॉडेमने फोन लाइनवरून जोडल्या जाणाऱ्या फाइल-केंद्रांच्या, जगात तोच चालू लागला. फिल कॅट्झ या प्रोग्रामरने त्याचाच फॉरमॅट वापरून पीकेआर्क लिहिला. असेंब्ली या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेमुळे तो फारच वेगवान होता. त्यात ‘स्क्वॉश’ नावाची नवी पद्धत होती, हेडरमधला क्रमांक ९. म्हणून काही फाइली नावाने आर्क असूनही मूळ आर्क प्रोग्रामला उघडत नसत. १९८८ साली कंपनीने कॅट्झवर खटला भरला, तडजोड झाली आणि १९८९ मध्ये पीकेझिप आला. कॅट्झने झिप फॉरमॅटचा तपशील सर्वांसाठी खुला केला. आजची वर्डची डॉकएक्स फाइल किंवा अँड्रॉइडची एपीके हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा, सुरुवातीलाच ‘पीके’ ही फिल कॅट्झची आद्याक्षरं दिसतील. या सगळ्या ओढाताणीची खूण त्या पद्धतीच्या क्रमांकात टिकून आहे. रूपांतर केलं की ती जाते. आर्क फाइलीची स्वतःची तारीखही जाते. पीकेझिपचा ‘ओ’ हा पर्याय वापरला तर झिपला आतल्या सर्वांत नव्या फाइलीची तारीख मिळते, ती काही मूळ आर्कची तारीख नव्हे.

झिप केली म्हणजे कायमची काळजी मिटली, असंही नाही. पीकेझिपच्या १.१० आवृत्तीत ‘इम्प्लोड’ ही दाबण्याची पद्धत होती आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं झिपफाइल मॉड्यूल आजही ती सोडवू शकत नाही. तेव्हा रूपांतरासाठी १९९३ ची २.०४जी आवृत्ती घ्या. तिची ‘डिफ्लेट’ पद्धतीची झिप सगळीकडे उघडते. आर्क वाचायला आजही ‘उनार’सारखी मोफत साधनं आहेत, त्यामुळे मूळ फाइल ठेवून अडचण काहीच होत नाही. हजार आर्क फाइलीसुद्धा आजच्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात. मग जागा वाचवल्याचं समाधान कशासाठी?

हे मी आपल्याकडच्या फ्लॉपींचा विचार करूनही लिहितोय. पुण्या-मुंबईत आर्कपेक्षा एआरजे हा फाइली दाबणारा दुसरा प्रोग्राम जास्त दिसायचा, कारण त्यात मोठी फाइल कापून चार-पाच फ्लॉपींवर नेता यायची. त्यांतली एक फ्लॉपी जरी खराब झाली असली तरी बाकीचे तुकडे फेकू नका. त्यांतल्या बऱ्याच फाइली अखंड निघू शकतात.

घरात अशा जुन्या फ्लॉपींचा डबा असेल तर आधी प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढा, चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून ३.५ इंची फ्लॉपीची राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवून. ५.२५ इंची असेल तर खाचेवर चिकटपट्टी लावा. मग प्रत्येक आर्क आहे त्या जागी तपासा, चुकांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्यानंतरच रूपांतर करा. आर्क, झिप आणि ती यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बॅच फाइलीत, म्हणजे आज्ञांच्या यादीत, डिलीटची ओळ असेल तर आजच काढून टाका.