निघण्याआधी मॅप बघायचाच, मग काय वाट्टेल ते करायचं

सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम, गुगल मॅप उघडायचा. चहा नंतर. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला जायचं असेल तर भूमकर चौकात गडद लाल दिसणार हे मॅप न उघडताही तुम्हाला माहितीये, काल होतं, परवा होतं, तिथल्या टपरीवाल्यालाही माहितीये, पण तरी बघायचं, कारण न बघता अडकलं की चिडचिड होते आणि बघून अडकलं की आपण सगळी माहिती घेऊन निर्णय घेतलेला असतो. फरक आहे.

बघून झालं की रोजच्याच वेळेला रोजच्याच रस्त्याने निघायचं. काही लोक लाल बघून म्हणतात जरा उशिरा निघू, पण अशा लोकांची मीटिंग साडेअकराला असते. तुमची साडेनऊला आहे ना, मग गप निघा.

आता ही लाल रेघ येते कुठून ते एकदा समजून घ्या म्हणजे श्रद्धा अजून वाढेल. चौकातले ट्रॅफिक पोलीस मामा काही फोन करून कळवत नाहीत कुणाला. तुमच्या खिशातला फोन कुठे आहे आणि किती स्पीडने सरकतोय हे तोच गुगलला कळवत असतो, असे भरपूर फोन एकाच रस्त्यावर रांगायला लागले की रेघ लाल, आणि जोडीला जुना डेटा, म्हणजे दर मंगळवारी सकाळी नऊला इथे काय बोंब असते त्याचा. थोडक्यात, युनिव्हर्सिटी चौकात उभं राहून 'काय ट्रॅफिक आहे राव' म्हणत तुम्ही जी रेघ झूम करून बघता त्यातली इंचभर तुमचीच असते. त्यावर नाव येत नाही एवढंच. येत असतं तर पुणेकराने आडनावासकट लावून घेतलं असतं.

२०२० मध्ये सिमोन वेकर्ट नावाच्या कलाकाराने बर्लिनमध्ये एका हातगाडीत ९९ सेकंडहँड फोन भरले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्याने चालत ओढत नेली, तर मॅपवर तो रस्ता लाल. जगभर कौतुक झालं. आपल्याकडे सिंहगड रोडवर डीजे लावून हेच काम लग्नाच्या सीझनमध्ये चालतं, फोन जास्त असतात आणि पुढे घोडा असतो, पण कला म्हणून कुणी दखल घेत नाही. त्या वेळी गुगलने असंही सांगितलं होतं की भारतासारख्या काही देशांत आम्हाला कार आणि मोटरसायकल यातला फरक ओळखता येतो. ओळखत असतील बाबा. फुटपाथवरून जाणारी ॲक्टिव्हा ते कशात धरतात हे मात्र बघायला हवं, कारण कर्वे रोडवर सगळ्यात सुरळीत वाहतूक तिथूनच चालते. टू-व्हीलरसाठी मॅपमध्ये वेगळा मोड २०१७ च्या डिसेंबरात भारतातच आधी आला, तो लावला की वेळ कमी दाखवतो, म्हणून फोर व्हीलरवाल्यांनीसुद्धा तोच लावावा. पोचायला तेवढाच वेळ लागेल पण निघताना बरं वाटतं.

आता मुख्य विषय, शॉर्टकट. मध्येच मॅप म्हणतो, दुसऱ्या रस्त्याने गेलात तर चार मिनिटं वाचतील. लगेच वळायचं, अजिबात विचार करायचा नाही, कारण हे फक्त तुम्हालाच सांगितलंय असं तुम्हाला वाटतंय आणि तुमच्या मागच्या वॅगनआरवाल्यालाही तेच वाटतंय आणि त्याच्या मागच्या टेम्पोवाल्यालाही. मग तुम्ही सगळे मिळून कर्वेनगरच्या एका अशा गल्लीत शिरता जिथे एका बाजूला ओळीने लावलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला भाजीची गाडी आणि समोरून स्कूल बस, आणि बसवाल्या काकांना त्यांच्या मॅपने ही गल्ली तुमच्या रोडचा शॉर्टकट म्हणून दाखवलेली. इथे कुणीही रिव्हर्स घ्यायचा नाही. रिव्हर्स घेणं म्हणजे चूक मान्य करणं. हॉर्न वाजवायचा, काच खाली करायची आणि शांतपणे म्हणायचं, 'अहो, मॅपने सांगितलंय.' गॅलरीतून बघणारे आजोबा दोन दिवसांत फाटकावर पाटी लावतील, 'हा रस्ता मॅपमध्ये असेल, आमच्याकडे नाही', तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि परवा परत तिथूनच जायचं.

पेठांमध्ये मॅपचं ऐकायचं का? ऐकायचं की. खुन्या मुरलीधरापासून पासोड्या विठोबापर्यंत देवांच्या नावावर चालणाऱ्या गावात मॅपमधली बाई 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणते आणि दोनशे मीटरवर मांडव असतो. गणपतीच्या आधी काही दिवस आणि नंतर काही दिवस हे धरूनच चालायचं. पालखी आली की तर वारकऱ्यांच्या खिशातही फोन असतात, सगळे चालत्या स्पीडने, तेव्हा मॅपला रागवू नका, तो बिचारा खरं तेच दाखवतोय. आणि खडकवासल्यातून पाणी सोडून भिडे पूल पाण्याखाली गेला की तिथे एकही फोन नसतो, म्हणजे कुणीच अडकलेलं नाही, रस्ता मोकळा!

चांदणी चौकाचं वेगळं सांगायला हवं. २०२२ मध्ये जुना पूल स्फोटाने पाडला, २०२३ मध्ये नवीन सगळं खुलं झालं, आता तिथे एवढे रॅम्प आहेत की फोनलाही आपण वर आहोत की खाली ते पटकन कळत नाही. हायवेला लागायचं होतं आणि भूगाव आलं तर मिसळ खाऊन परत यायचं, चिडायचं कशाला.

कुणी बाहेरगावचा पाहुणा ट्रॅफिकवरून बोलायला लागला तर त्याला आकडा फेकून मारायचा. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२४ च्या सगळ्यात संथ ट्रॅफिकच्या यादीत पुणे जगात चौथं होतं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी १८ सुद्धा पुरते नाहीत. त्या यादीत कोलकाता आणि बेंगळुरू आपल्या पुढे होते ही चिंतेची बाब आहे, पण रस्ते खोदायची कामं जोरात चालू आहेत, होईल. (मेट्रोने जा असं सुचवणारे भेटतील. स्टेशनपर्यंतचा रस्ताही मॅपवर बघून ठेवा मग बोलू.)

ऑफिसात उशीर झाला की स्क्रीनशॉट. मॅपचा खरा उपयोग हाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी सगळं वरवरचं. चांगला गडद लाल दिवस बघून, शक्यतो पावसातला, एक स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि वरची वेळ आणि बॅटरीची पट्टी कापून टाकायची, मग तो वर्षभर चालतो. बॉसही वाकडहून येत असेल तर नवीन काढावा लागेल. घरच्यांना मात्र स्क्रीनशॉट चालत नाही, तिथे 'आई, वाटेतच आहे, पाच मिनिटं' हेच चालतं, फक्त लाइव्ह लोकेशन आधी बंद करा, नाहीतर पाच मिनिटांवर असलेला मुलगा अजून हिंजवडी फेज टूच्या पार्किंगमध्येच दिसतो.

आणि एवढं करून पोचलात की मॅप कधीकधी विचारतो, इथे पार्किंग मिळणं सोपं होतं का? 'सोपं' म्हणून टाका. आज सम तारीख आहे आणि तुम्ही पी-वनला, म्हणजे विषम तारखेच्या बाजूला गाडी लावलीये, टोइंगचा टेम्पो कोपऱ्यावर आलाय, तो मॅपवर दिसत नाही.