स्पीकरमधलं इंजिन

भाच्याने आज नवी गाडी दाखवायला आणली. हार, पेढे, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. गाडी इलेक्ट्रिक. देखणी आहे, खोटं कशाला बोलू. मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "मामा, आता ऐक हं." स्क्रीनवरच्या 'ट्रॅक मोड'वर बोट ठेवलं आणि पार्किंगमध्ये जागच्या जागी उभ्या असलेल्या त्या गाडीत आठ सिलिंडरचं रेसिंग इंजिन गुरगुरायला लागलं. स्पीकरमधून! पाय दाबला की आवाज चढतो, सोडला की मागे लवंगी फुटल्यासारखा तडतडतो, मधेच गिअर बदलल्यासारखा आचका देतो. गाडीला बदलायला गिअरच नाहीत.

"तुझ्या त्या जुन्या रेसच्या गाड्यांसारखाच आहे की नाही?"

माझ्या तोंडात पेढा होता म्हणून वाचला.

आता रात्रीचे अकरा वाजलेत, बायकोने दोनदा दिवा बंद करून पाहिला, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. ताई, वाचत असशील तर रागावू नकोस. पोरगं गुणी आहे तुझं. पण आवाज म्हणजे काय दागिना आहे का, वरून घालायला?

कोल्हापुरात आमच्या फियाटचे एक मिस्त्री होते. (प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. पण पद्मिनी कोण म्हणायचं? फियाटच.) गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चार ठिकाणी ऐकून झालं की म्हणायचे, "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच. आता त्या मिस्त्रींना या स्पीकरला कान लावायला सांगितलं तर काय निदान करतील? ट्रॅक मोड ढिला झालाय?

आणि भाच्या, जुन्या रेसच्या गाड्यांची गोष्ट काढलीसच आहेस, तर ऐकच. मित्रयादीतल्या जुन्या मंडळींनी हे माझ्याकडून दहा वेळा ऐकलंय, त्यांनी इथून उडी मारली तरी चालेल.

१ मे १९५५. (१ मे आपला महाराष्ट्र दिन व्हायला अजून पाच वर्षं होती.) इटलीतली मिले मिलिया ही मोटारींची शर्यत. नावाचा अर्थच हजार मैल. ब्रेसियातून निघायचं, समुद्राच्या कडेने पेस्कारापर्यंत खाली जायचं, डोंगर ओलांडून रोम, तिथून सिएना, फ्लोरेन्स, मग फुटा नावाचा घाट चढून बोलोन्या आणि फिरून ब्रेसिया. ट्रॅक वगैरे भानगड नाही. रोजचेच रस्ते, गावातून जाणारे, पूल, रुळांची फाटकं, दोन्ही बाजूंना हात लावता येईल इतक्या जवळ उभी माणसं. छोट्या गाड्या आदल्या रात्री नऊपासून मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सुटायच्या आणि मोठ्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीवरचा नंबर म्हणजे तिची सुटायची वेळ. स्टर्लिंग मॉसच्या चंदेरी मर्सिडीज ३०० एसएलआरवर ७२२ लिहिलेलं, म्हणजे सकाळी सात बावीस.

मॉस पंचविशीतला इंग्रज. शेजारी डेनिस जेन्किन्सन, ठेंगणा, दाढीवाला, चष्मेवाला, पेशाने पत्रकार. सगळे त्याला जेंक्स म्हणायचे. त्याआधी तो साइडकारच्या शर्यतीत जोडीदार म्हणून बसायचा, १९४९ला त्यातलं जगज्जेतेपदही मिळालेलं. म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव देऊन बसायची सवय होती.

इटालियन ड्रायव्हरांना तो रस्ता अंगवळणी पडलेला, या दोघांना नाही. म्हणून त्यांनी आधी सगळा रस्ता पालथा घातला आणि एकेक वळण, एकेक उंचवटा कागदाच्या पट्टीवर उतरवला. पट्टी सुमारे १८ फुटांची. धातूच्या डबीत दोन रिळांवर गुंडाळलेली, वर पारदर्शक खिडकी. जेंक्स रीळ फिरवणार, खिडकीत पुढचं वळण येणार, ते तो मॉसला सांगणार.

सांगणार कसं? टप नाही. पुढ्यात २९८२ सीसीचं आठ सिलिंडरचं इंजिन, तीनशेच्या घरात हॉर्सपॉवर, आणि त्याच्या व्हॉल्व्हला, म्हणजे झडपांना, स्प्रिंगच नाहीत. उघडायलाही कॅम (झडप ढकलणारा फिरता उंचवटा) आणि बंद करायलाही कॅम. त्या आवाजात शेजारच्याची किंकाळी ऐकू येणार नाही. माइक आणि हेडफोन लावून पाहिले, जमलं नाही. शेवटी हाताच्या पंधराएक खुणा ठरवल्या.

समोर उंचवटा. पलीकडचा रस्ता दिसत नाही. काटा ताशी २७०च्या आसपास. जेंक्सचा हात सांगतो, पुढे सरळ आहे, पाय काढू नको. आणि मॉस पाय काढत नाही! चारही चाकं जमीन सोडतात.

भाच्या, त्या गाडीचा आवाज म्हणजे हे. दोन माणसांना एकमेकांचा शब्द कळेनासा करणारा.

मी हे कॉलेजात असताना वाचलं, आणि वाचताना माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. कारण मला फोंडा घाट आठवला.

१९८७चे गणपती. कोल्हापूरहून कणकवलीला आजोळी निघालो होतो. अण्णा गाडीवर, मी पुढे, मागे आई आणि ताई. ताईला गाडी लागायची, म्हणून ती आईच्या मांडीवर आडवी. दाजीपूर मागे पडलं आणि धुकं सुरू झालं, घाटाच्या तोंडाशी पाऊस. दोन वळणं उतरलो आणि वायपरने मान टाकली. मोटर जळाली होती. अण्णांनी गाडी कडेला घेतली. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने काही न विचारता तळहातावर तंबाखू दिली. अण्णांनी ती भिजवून काचेवर चोळली. (नव्या पोरांसाठी: तंबाखू चोळली की पाणी थेंब धरत नाही, पसरून ओघळतं, पलीकडचं दिसतं. आमच्याकडे त्याला सेन्सर म्हणत नव्हते.)

ते टिकलं जेमतेम दोन-तीन वळणं. मग अण्णा मला म्हणाले, "डोकं बाहेर काढ आणि डाव्या अंगाचे पांढरे दगड बघ." टपावर पाऊस असा बडवत होता की माझं ओरडणं त्यांना ऐकू येईना. तेव्हा त्यांनी माझा उजवा हात धरून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. एकदा दाबलं तर डावीकडे जागा आहे, दोनदा दाबलं तर उजवीकडे घ्या. फियाटची पुढची सीट सलग असायची आणि गिअर स्टिअरिंगवर, मधे काही अडथळा नाही, तरी हात ताणून जेमतेम पोचायचा. मी अकरा वर्षांचा. डोळ्यांत पाणी, कानात पाणी, मागे आईचं स्तोत्र, आणि ताईने भडाभडा ओकून सीट खराब केलेली.

पाऊण तास लागला असेल तेवढा घाट उतरायला. तेवढ्यात मॉस शंभराहून जास्त किलोमीटर गेला असता. गेला असता तर जावो.

अगदी सेकंदापर्यंत पाठ आहे मला त्याची वेळ: १० तास, ७ मिनिटं, ४८ सेकंद. सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या वर, दहा तास, गावागावांतून. "रोममध्ये जो पुढे, तो ब्रेसियात मागे" अशी तिथे म्हण होती, तीही यांनी खोटी पाडली. तो विक्रम पुढे कुणाला मोडता आला नाही. आणि फोटोत सगळीकडे मॉस. जेंक्सचं नाव आपल्यासारख्या चार वेड्यांना माहीत. आपल्याकडेही क्लीनरचं नाव कोण विचारतं? पत्र्यावर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा पोरगा नसेल तर घाटात ट्रक एक फूट मागे येत नाही. जेंक्स म्हणजे मर्सिडीजवरचा क्लीनर, हे मी कितीतरी जणांना सांगितलं, आणि सगळे हसतात. मी विनोद करत नाहीये.

हो, आता खाली कुणीतरी लिहिणारच की त्या शर्यतींत माणसं मरायची. मरायची. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत याच जातीची मर्सिडीज प्रेक्षकांत गेली, ऐंशीहून जास्त लोक गेले. १९५७ला मिले मिलियात टायर फुटून फेरारी गर्दीत घुसली: ड्रायव्हर द पोर्तागो, त्याचा जोडीदार आणि नऊ बघे, त्यांत पाच लहान मुलं. ती शर्यत तिथेच बंद झाली, व्हायलाच हवी होती. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे ते या नंतरच्या लोकांवर. २०२२ साली त्याच ३०० एसएलआरची बंद टपाची एक गाडी विकली गेली. तशा जगात दोनच. किंमत १३ कोटी ५० लाख युरो! रुपयांत हजार कोटींच्या पुढे. पैसे शिष्यवृत्त्यांसाठी गेले, ठीक आहे, चांगलं झालं. पण म्हणजे वरच्या टोकाला ज्याच्याकडे हजार कोटी आहेत त्याला खरी गाडी, आणि खालच्या टोकाला आपल्याला तिचा आवाज, स्पीकरमधून, बटणावर. मधली माणसं कुठे गेली? ज्यांना गाडी हाताने कळायची ती? १९५५च्या त्या रात्री ब्रेसियातून सुटलेल्या छोट्या गाड्यांत फियाट ११००पण होत्या. आमच्या पद्मिनीच्या थोरल्या बहिणीच त्या. आमची कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, गळे काढले. मीही ठेवला. आणि आमची स्वतःची २००४ साली भंगारवाल्याला वजनावर दिली, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. सुट्टी मिळाली असती. मागितली नाही.

असो. त्या भंगारवाल्याचा राग मी भाच्यावर काढतोय की काय, असं आत्ता वाटून गेलं.

खरं सांगू? त्याच्या गाडीत पहिला थेंब पडला की वायपर आपोआप चालू होतात. त्याने तेही दाखवलं, बाटलीतलं पाणी शिंपडून. आईने त्या वायपरची दृष्ट काढली असती. ब्रेकही असे की फियाट चार वेळा थांबवायला लागेल तेवढं बळ एका बोटात. आणि रात्री बाराला येताना सोसायटीतलं कुत्रंही उठत नाही, ही तर मी मुद्दाम मागावी अशी गोष्ट. अण्णा आज गाडी घेत असते तर त्यांनी हीच घेतली असती, आवाजाचं बटण कधी दाबलं नसतं एवढंच.

मॉस पुढे कधीच फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला नाही. १९५८ला एका गुणाने हुकलं. पोर्तुगालच्या शर्यतीत त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, हॉथॉर्नला, पंच बाद करायला निघाले होते, तेव्हा मॉस स्वतः जाऊन त्याच्या बाजूने बोलला. हॉथॉर्नचे गुण वाचले, आणि वर्षाअखेरीला त्याच गुणांच्या जोरावर हॉथॉर्न जिंकला. हे अण्णांना मोठ्या हळहळीने सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात त्याचं काय चुकलं?"

मघाशी जेवण झाल्यावर अण्णांना फोन लावला. ऐंशी पार केलीय, ऐकू कमी येतं, पण गाडीचा विषय काढला की बरोबर येतं. भाच्याच्या गाडीचं सांगितलं. स्पीकरचं ऐकून म्हणाले, "असू दे की. पोराला हौस." झालं, माझी अर्धी पोस्ट तिथेच पंक्चर.

मग मी फोंडा घाट काढला. तंबाखू, पांढरे दगड, सगळं त्यांना आठवत होतं, ट्रकचा रंगसुद्धा. मी जेंक्सचं पण सांगितलं. ऐन शर्यतीत त्याला मळमळलं, बाजूला वाकून ओकला, वाऱ्याने चष्मा उडवून नेला, आणि दुसरा चष्मा घालून तो पुढची खूण करायला लागला. अण्णा हसले.

"तूपण ओकला होतास ना."

"मी नाही अण्णा, ताई."

"ताई झोपली होती आईच्या मांडीवर. तू ओकलास, खिडकीतून. निम्मं दारावर. कणकवलीत मीच धुतलं." मग जरा थांबून, "हात मात्र काढला नव्हतास खांद्यावरून."

ताई, वर ते सीटचं लिहिलंय ते तुझ्याबद्दल नाही. जेंक्सही ओकलाच होता.