चार वर्षांचा बँड आणि छोट्या खोल्यांचा प्रश्न

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या छोट्या रंगमंचाची एका विडंबनगीतावरून तोडफोड झाली. त्यानंतरची महाराष्ट्रातील चर्चा कॅनडात बसून वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. विनोदाने कुठे थांबावे यावर सर्व बाजूंनी हिरिरीने लिहिले गेले. पण जिथे कितीतरी नवखी मुले पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली, ती जागा चालकांना बंद करावी लागली, याची खंत त्या मानाने फारच थोड्यांनी व्यक्त केली.

अशा जागेचे मोल मला ‘द युनिकॉर्न्स’ या बँडमुळे उमगले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हँकुव्हर बेटावरचे कॅम्पबेल रिव्हर हे तीसेक हजार वस्तीचे गाव सामन मासा आणि लाकूड-कागद यांवर वाढले. २००० च्या अखेरीस निक थॉर्बर्न आणि ऑल्डन पेनर यांनी तिथे हा बँड सुरू केला आणि २००४ संपता संपता तो मोडलाही. मागे राहिला तो मुख्यतः २००३ चा एक अल्बम, ‘हू विल कट अवर हेअर व्हेन वी आर गॉन?’. त्याच्या पहिल्या गाण्याचे नाव ‘मला मरायचे नाही’ अशा अर्थाचे, तर शेवटच्याचे ‘मरायला तयार’ अशा अर्थाचे. मधल्या तीन गाण्यांच्या नावांत भुते आहेत. वाद्ये खेळण्यातली वाटावीत अशी, चाल मध्येच मोडून भलतीकडे वळणारी, आणि एका गाण्यात तर गाणी कोण लिहितो यावरून दोघे चक्क भांडतात. ऐकणारा हसतो, पण हसता हसता त्याला कळते की ही दोन पोरे मृत्यूला खरोखर घाबरलेली आहेत. एकनाथांच्या भारुडावर वाढलेल्या आपल्याला हे परके वाटू नये. तरीही आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीतच ते विनोदी की गंभीर हे सांगून टाकण्याची घाई असते, आणि दोन्ही असलेल्या कलाकृतीकडे संशयाने पाहिले जाते.

अशा गाण्यांना गावात श्रोते मिळणे कठीण. पुढे दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉन्ट्रियलला गेले. क्वेबेक प्रांताने कॅनडातून वेगळे व्हावे का यावरील १९९५ च्या सार्वमताच्या काळातील अनिश्चिततेमुळे त्या शहरातील भाडी बरीच वर्षे कमी राहिली होती, आणि २००० मध्ये सुरू झालेल्या ‘कासा देल पोपोलो’सारख्या छोट्या जागा अनोळखी बँडना दार उघडत होत्या. २००४ मध्ये ‘आर्केड फायर’ हा बँड युनिकॉर्न्सच्या आधी मंचावर यायचा. २०१४ मध्ये युनिकॉर्न्स काही कार्यक्रमांपुरते पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी आर्केड फायरच्या आधी गायले. एक बँड चार वर्षांत संपला तरी त्या शहराचे संगीत थांबले नाही. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही. आवाजाच्या तक्रारी आणि दंड यांना कंटाळून ‘दिव्हान ऑरेंज’ ही नावाजलेली जागा २०१८ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे ही समज कधीच नव्हती असे नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ आणि इतर संस्थांनी जे प्रयोग केले, त्यांतील अनेकांचे आयुष्य थोडे होते. पण त्या सभागृहाने मराठी रंगभूमीची एक पिढी घडवली. आज मात्र नाट्यगृहांची चर्चा मोठ्या वास्तूंपाशीच अडते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला वाटलेला शोक रास्त होता आणि ते पुन्हा उभे राहायलाच हवे. परंतु ज्यांना जेमतेम साठ श्रोते मिळतील अशा तीन मुलांनी एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहाचे भाडे कुठून भरायचे? त्यातही गाण्यांमध्ये छोटे प्रवेश गुंफायचे ठरवले, तर प्रयोगाआधी संहिता, ती वाचून परवानगी देणाऱ्या राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याचा प्रश्न येतो, आणि ऐन वेळी सुचेल ते बोलणाऱ्यांकडे मुळात संहिताच नसते. कॅनडात अशी पूर्वपरवानगी कोणी मागत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक नगरपालिकेने शंभर खुर्च्यांची एक खोली नाममात्र भाड्याने उपलब्ध करावी, तिथल्या कार्यक्रमांना शासनाने संहितेच्या पूर्वपरवानगीतून सूट द्यावी, आणि कोणी तोडफोड करायला आले तर पोलिसांनी आधी त्या खोलीच्या दारात उभे राहावे.