बाई, लिंगाणा उघडत नाही

गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी संगणक कक्षातून पळत स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "बाई, लिंगाणा उघडत नाही."

आमची शाळा रायगड जिल्ह्यातली. सहल रायगडावर गेली की पूर्वेला तो सुळका दिसतोच आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, त्याच्यावर कोण चढतं?" इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला जिल्ह्यातला एक किल्ला वाटून दिला होता, हिच्या वाट्याला लिंगाणा आला. मला वाटलं नेट गेलं असेल. जाऊन बघते तर नेट ठणठणीत. रायगड उघडत होता, जंजिरा उघडत होता, कोर्लई उघडत होता. लिंगाण्यावर मात्र लाल पाटी: हे पान संस्थेच्या धोरणानुसार प्रतिबंधित आहे.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाचेक मिनिटं लागली. पडला तेव्हा हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं, कारण समोर चौदा वर्षांची पोर उभी होती आणि विचारत होती, "पण का, बाई?" तिला काय सांगणार? किल्ल्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं कोणाला तरी अश्लील वाटली, म्हणून?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि आमचे संगणकाचे सर लॅबमध्ये बसलो आणि शाळेच्या नेटवर बसवलेला फिल्टर काय काय अडवतो ते एकेक शब्द टाकून बघितलं. व्याकरणातलं लिंग-वचन बंद. बारा ज्योतिर्लिंगं बंद. सस्तन प्राणी बंद (का, ते नीट वाचा म्हणजे कळेल). शस्त्रक्रिया बंद, कारण आत शस्त्र आहे. शिवकाळातला दारूगोळा बंद. अलैंगिक प्रजनन बंद. म्हणजे अमिबासारखा जन्मभर एकट्याने राहणारा जीव, एकाचे दोन होतो आणि आपापल्या वाटेने जातो, तोही आमच्या शाळेत अश्लील ठरला.

इथपर्यंत गंमत होती. मग सरांनी बालकांच्या संरक्षणाचा कायदा टाकला. पॉक्सो म्हणतो तो. मराठीत त्याचं नाव लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. लाल पाटी. मुलांना ज्या गोष्टीपासून वाचवायचं म्हणून हा फिल्टर बसवला, त्याच गोष्टीपासून वाचवणारा कायदा त्यांना शाळेत वाचता येत नाही, आणि तोसुद्धा कायद्याच्या स्वतःच्या नावामुळे. दारू शब्दामुळे व्यसनमुक्तीची पानंही बंद. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' नावाचा धडा आहे. व्यसन, ताणतणाव, सायबर गुन्हे, सगळं त्यात आहे. मी तो शिकवते. शिकवताना वर्गात कोणाच्या घरी काय चाललंय हे मला थोडंफार माहीत असतं. बापाच्या दारूबद्दल कोणाशी बोलायचं हे ज्या मुलीला कळत नाही, ती एखाद्या दुपारी लॅबमध्ये शोधेल आणि तिला लाल पाटी दिसेल. तिला वाटेल, आपणच काहीतरी घाण शोधत होतो. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आता मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनेच लिहून ठेवते. तो कोणी ब्लॉक करू शकत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये मला "तुमच्या मुलांना दाखवाल का असलं?" असं विचारलं जाणारच आहे. फिल्टर उगाच नाही आला. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने फुकट गाईडची पीडीएफ शोधली. अगदी निरागसपणे. ज्या पानावर तो पोहोचला तिथे गाईड नव्हतंच, उघड्यावाघड्या जाहिराती एकावर एक उघडायला लागल्या. पोरगा इतका घाबरला की त्याने संगणकाची वायरच उपटली. दुसऱ्या दिवशी पालक आले, आवाज चढले, आणि ते चुकीचे नव्हते. मीही त्या बैठकीत हात वर करून फिल्टर हवाच म्हणाले होते. आजही म्हणते. लहान मुलांच्या हातात मोकाट इंटरनेट द्या असं मानणाऱ्यांतली मी नाही.

पण त्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला नाही. कुलूप लावणार हे ठरलं, किल्ली कोणाकडे हे विचारायचं राहिलं.

कंपनीचा मुलगा आला, एक डबा बसवून गेला. आधी त्यात फक्त इंग्रजी शब्दांची यादी होती. मराठीत काहीही टाकलं तरी चालत होतं, हे मुलांना आमच्याआधी कळलं. (देवनागरीत शिव्या शोधण्याची स्पर्धा चार दिवस रंगली होती म्हणे.) तक्रार गेल्यावर कंपनीने मराठी शब्दही घातले. कोणी घातले माहीत नाही, पण मराठीत शब्द कसा चालतो हे त्याला ठाऊक नसावं. आपल्याकडे शब्दाला पुढून मागून काय काय चिकटतं. शब्द शोधायचा तर पूर्ण शब्द शोधावा लागतो, त्याने नुसती अक्षरं शोधली.

ही चूक जगात नवी नाही. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे. त्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली आहे. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने त्या गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण पत्त्यात गावाचं नाव लिहावं लागत होतं. संगणकवाले आजही या घोळाला त्या गावाच्या नावाने ओळखतात. इतकी वर्षं झाली, आणि आमच्याकडे त्याच खड्ड्यात लिंगाणा पडला. एवढा उभा कडा, पण पडला.

हा डबा पान वाचतो कसा, हेही मी सरांकडून समजून घेतलं, आणि ते ऐकून मला जास्त अस्वस्थ वाटलं. बऱ्याच ब्राउझरमध्ये साईटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असतं ना, त्याचा अर्थ मजकूर बंद पाकिटातून येतो. वाटेवरच्या साध्या फिल्टरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. कोणत्या साईटवर गेलात ते कळतं, कोणतं पान वाचताय ते नाही. आतलं वाचायचं असेल तर मधेच पाकीट फोडून, वाचून, पुन्हा चिकटवून पुढे द्यावं लागतं. त्यासाठी कंपनीने लॅबच्या प्रत्येक संगणकावर स्वतःचं सर्टिफिकेट टाकलंय, म्हणजे फोडलेलं पाकीट ब्राउझरला न फोडलेलंच वाटतं. आता याच संगणकांवरून आम्ही यू-डायस भरतो, सरल भरतो (शाळेची आणि मुलांची माहिती सरकारला द्यायच्या साईट), ऑफिसचा संगणक बिघडला की शालार्थसुद्धा, म्हणजे आमच्या पगाराचं काम. पासवर्ड त्याच डब्यातून जातात. बँकांच्या साईट वगळल्या आहेत असं तोंडी सांगितलं. यादी मागितली, ती अजून आलेली नाही.

बरं, अश्लील साईट बंद करायला एवढा खटाटोप लागतोच असं नाही. राऊटरमध्ये डीएनएसचा (साईटचं नाव टाकलं की ती कुठे आहे ते शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलून क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ टाकला की प्रौढांसाठीच्या साईट आणि व्हायरस पसरवणाऱ्या साईट बऱ्याच अंशी बंद होतात. ही सोय २०२० पासून फुकट आहे. गुगलची सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही सगळ्या नेटवर्कला एकदम लावता येतात. हे काही अभेद्य नाही, हुशार पोरगं त्यातूनही वाट काढेल. पण ते पोरगं आमच्या डब्यातूनही काढतंच की.

यूट्यूबचं तर विचारूच नका. आमच्याकडे ते सरसकट बंद. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, तो स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तकात क्यूआर कोड आणायला ज्यांनी सुरुवात केली त्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आमच्या शाळेनेही फलकावर अभिनंदन लिहिलं होतं. आणि त्याच शाळेत आज मी कोड स्कॅन केला, त्यातला व्हिडिओ यूट्यूबवरचा निघाला, की संपलं. फलकावर अभिनंदन आणि वायफायवर बंदी.

मला सगळ्यात जास्त लागलंय ते मात्र फेटचं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी केला. विज्ञानातले प्रयोग पडद्यावर करून बघायचे. बरेचसे मराठीतही आहेत, सगळे फुकट. 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना माझ्या प्रयोगशाळेत दोन ॲमीटर, त्यातला एक बिघडलेला, आणि वर्गात त्रेपन्न मुलं. फेटवर प्रत्येक जोडी स्वतःचं परिपथ जोडते. वायर उलटसुलट लावते. बॅटरीची दोन टोकं थेट जोडून तिला आग लावते. आग लागली की वर्गात जो आरडाओरडा होतो ना, त्यानंतर शॉर्टसर्किटची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. रोध वाढवला की इलेक्ट्रॉन मंदावतात हे मुलं डोळ्यांनी बघतात. माझ्या बावीस वर्षांत ओहमचा नियम मागच्या बाकापर्यंत पोहोचलेला मी तिथेच पाहिला.

डब्याने त्याला 'गेम्स' या गटात टाकलंय.

मी मेल केला, दोनदा फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, कॅटेगरी वरून ठरते." वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी मी काय केलं सांगू? स्वतःचा लॅपटॉप आणला, स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं आणि वर्गात प्रयोग दाखवला. म्हणजे शाळेने पैसे मोजून फिल्टर घेतला आणि शिक्षिकेने पदरचा डेटा खर्चून तो वळसा घालून पार केला. मुलं बघत होती. त्यांनी त्या तासाला विद्युतधारा किती शिकली कोण जाणे, हे मात्र पक्कं शिकली.

आणि मुलांचं काय अडतंय? घरी मोबाईल आहे, रोजचा डेटा आहे. ज्याला जे बघायचं ते तो पाणवठ्याच्या कट्ट्यावर बसून बघतो. ज्याच्या घरी स्वतःचा मोबाईल नाही, त्याच्यासाठीच शाळेचा संगणक ही एकमेव खिडकी, आणि नेमकी तीच बंद.

अमेरिकेत शाळांनी आणि वाचनालयांनी फिल्टर लावावा असा कायदा २००० साली झाला, नाहीतर इंटरनेटसाठीची सरकारी सवलत मिळत नाही. त्यावर खटला झाला, २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. त्या निकालात एक गोष्ट वजनदार ठरली होती: मोठ्या माणसाने वाचनालयात सांगितलं तर कर्मचारी त्याच्यासाठी साईट उघडून देऊ शकतो. म्हणजे कुलूप मान्य, पण किल्ली त्याच इमारतीत, समोर बसलेल्या माणसाकडे. आमची किल्ली कुठल्या शहरात आहे तेही आम्हाला ठाऊक नाही.

लांब कशाला जा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. बंदीच ती. पण भोंगा सगळ्या गावाला ऐकू येतो, का वाजतो ते शेंबड्या पोरालाही माहीत, आणि ज्यांनी ठरवलं ती माणसं रोज रस्त्यात भेटतात. पटलं नाही तर पारावर भांडता येतं. आमच्या डब्याशी भांडायला पारच नाही.

हे सगळं मी शाळा समितीच्या बैठकीत मांडलं. लिंगाण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे सगळे ऐकत राहिले. एक सदस्य म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हाला चालतं सगळं." मी म्हटलं, नाही चालत, म्हणून तर शाळेत बसवून, शेजारी उभी राहून दाखवायचंय. पॉक्सोचं पान त्यांच्यासमोर उघडायचा प्रयत्न केला. लाल पाटी बघून ते गप्प झाले. मुख्याध्यापक सरांनी एका सत्रापुरती परवानगी दिली: कंपनीकडून ॲडमिनचा पासवर्ड मागून घ्यायचा, तो संगणकाच्या सरांकडे आणि माझ्याकडे राहील, आणि जे उघडू त्याची नोंद ठेवायची. पासवर्ड मिळायला सोळा दिवस लागले.

त्यानंतर पहिलं काम म्हणजे मराठी शब्दांची ती यादी काढून टाकली. लॅबच्या दाराशी एक दोनशे पानी वही सुतळीने बांधून ठेवली आहे. तारीख, नाव, कोणती साईट, कशासाठी, उघडली की नाही, नाही तर का नाही. मुलं स्वतः लिहितात, उत्तरही आम्ही तिथेच लिहितो. पहिली नोंद अर्थात लिंगाण्याची, यादी गेल्यावर तो आपोआपच उघडला होता तरी त्या मुलीने मुद्दाम लिहिली. दुसरी माझी, फेटची. पाचवी एका मुलीची आहे, कशासाठी हा रकाना तिने कोरा सोडलाय. साईट मी उघडून दिली, रकान्याबद्दल विचारलं नाही.

आणि काल नववीतल्या एका पठ्ठ्याने फ्री फायर हा गोळीबाराचा गेम लिहिलाय. कशासाठी: "भूगोल, नकाशावाचन." नाही म्हणून लिहिलं, पण कारण लिहायला मला बराच वेळ लागला.