सातबाऱ्यावर तिचं नाव

दर जूनमध्ये जागतिक आर्थिक मंचाचा स्त्री-पुरुष तफावतीचा अहवाल येतो आणि आमच्या तासगावकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण पेटतं. 2025च्या अहवालात 148 देशांत भारत 131वा होता. चुलतभावाने लिहिलं, हे गोऱ्यांचं कारस्थान आहे, आपल्याकडे बाईला देवी मानतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीने उत्तर दिलं, 131वा नंबरही मेहेरबानीच आहे, आपल्याकडे काहीच बदललेलं नाही. मग कोणीतरी लाडक्या बहिणीचे दीड हजार मध्ये आणले आणि गाडी निवडणुकीवर गेली. शेवटी मला विचारलं गेलं, "अक्का, तू तिकडं असतीस, तुझं काय म्हणणं?" तिथे दोन ओळींत सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी झुरिकजवळ राहते. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला 1971 साली. तेव्हा इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन पाच वर्षं झाली होती आणि आपल्या आज्या 1952पासून शाई लावून मतदान करत होत्या. आपेन्झेल इनररोडेन नावाच्या इथल्या एका छोट्या प्रांताने स्थानिक निवडणुकीत बायकांना 1990पर्यंत अडवून धरलं, अखेर न्यायालयाला हुकूम काढावा लागला. 1988 साली नवा विवाह कायदा लागू होईपर्यंत घराचा कायदेशीर प्रमुख नवरा असे आणि बायकोच्या मालमत्तेचा कारभारही साधारणपणे तोच पाहत असे. भरपगारी बाळंतपणाची रजा साऱ्या देशासाठी लागू झाली ती 2005मध्ये. तेव्हा समानता ही गोऱ्यांच्या रक्तातच असते, असं चुलतभावाने समजू नये आणि भाचीनेही समजू नये. 14 जून 1991 रोजी इथल्या लाखो बायकांनी संप केला होता. जे मिळालं ते असं भांडून मिळालंय. आणि अजून पुष्कळ बाकी आहे: पाळणाघर एवढं महाग की मूल झाल्यावर बाईच कामाचे दिवस कमी करते. नोकरी करणाऱ्या दर दहा बायकांतल्या सहाजणींच्या आसपास अर्धवेळ काम करतात.

मला या देशाची एक गोष्ट मात्र घ्यावीशी वाटते. इथे बाईचं नेमकं काय कमी पडतंय, ते खोलात जाऊन मोजतात. सरकारी सांख्यिकी कार्यालय पगारातली तफावत जाहीर करताना तिचे दोन भाग करतं. शिक्षण, हुद्दा, अनुभव यांनी उलगडणारी तफावत एकीकडे आणि कशानेच न उलगडणारी दुसरीकडे. हा दुसरा भाग जवळजवळ निम्मा निघतो. तो छापला जातो आणि त्यावर संसदेत वाद होतो. 1997पासून मुलं वाढवण्यात गेलेली वर्षं वृद्धापकाळाच्या पेन्शनच्या हिशोबात धरली जातात. आणि शेतकरी घरांबद्दल नवा नियम झालाय: नवऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बायकोला स्वतःचं विम्याचं संरक्षण नसेल, तर 2027पासून त्या शेताच्या सरकारी अनुदानाला कात्री लागेल. इथल्या शेतकरणींनाही आपल्या बायकांसारखं बिनपगारी राबावं लागत आलंय, म्हणून तर हा नियम करावा लागला. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी माझी आत्या आठवली.

तिच्याकडे येते, पण त्याआधी आपल्याकडचे दोन आकडे. देशात कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या 15 वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण 2017-18मध्ये 23.3 टक्के होतं, ते 2023-24मध्ये 41.7 टक्के झालं. यावर मोठमोठी भाषणं झाली. पण काम करणाऱ्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्याच शेतात नाहीतर दुकानात बिनमोबदला मदतनीस आहेत. बाई कामात दिसली, तिच्या हातात पैसा आलेला नाही. दुसरा आकडा 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला: घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला 289 मिनिटं घालवते, घरकाम करणारा पुरुष 88. सरकारच्याच नीती आयोगाने 2023-24च्या शाश्वत विकास निर्देशांकात देशाला एकूण 100पैकी 71 गुण दिले. स्त्री-पुरुष समानतेच्या उद्दिष्टाला दिले 49, सगळ्या उद्दिष्टांत सर्वात कमी. हे कुणा परक्याने लिहिलेलं नाही.

आता आमच्या सांगली जिल्ह्याचं. कृष्णा-वारणेचं पाणी, ऊस, द्राक्ष, बेदाणा, हळद, साखर कारखाने. पैसा आला की मुलीचं नशीब उघडतं, असं म्हणतात ना? 2001च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात 913 मुली होत्या. सांगलीत 851. 2011मध्ये थोडी सुधारणा झाली, तरी 870च्या खालीच. 2017 साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळच्या ओढ्यात 19 भ्रूण सापडले. शेजारच्या साताऱ्यात 2011मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन 285 मुलींची 'नकुशी' ही नावं बदलली. ते चांगलंच झालं, नाव बदललेल्या मुलीचा चेहरा किती फुलला असेल! पण मुलगी नकोशी का होते? माझ्या मते आमच्या बागायती पट्ट्यात त्याचं एक मोठं उत्तर जमिनीत आहे. जमीन जितकी मोलाची, तितकी ती मुलाकडेच राहावी ही ओढ जास्त. मुलगी म्हणजे हुंड्याचा खर्च, आणि हिस्सा मागितलाच तर जमिनीचा तुकडा.

कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे. महाराष्ट्राने तो 1994मध्येच दिला, देशाने 2005मध्ये. दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली, आत्यांची नावं लागली आणि लगेच हक्कसोडपत्राची तयारी सुरू झाली. तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी तिघी बहिणी उभ्या होत्या, भावांनी घेतलेल्या नव्या साड्या नेसून. कागद कोणी वाचून दाखवला नाही. आत निबंधकासमोर फोटो झाला, अंगठा यंत्रावर टेकवला, बाहेर येऊन सगळ्यांनी चहा-भजी खाल्ली. किरकोळ मुद्रांकात तिन्ही हिस्से गेले. कोणी दमदाटी केली नाही. तशी गरजच नव्हती.

थोरली आत्या सासरी द्राक्षबागेत राबते. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, पुढे शेडवर बेदाणा निवडणं, सगळं हात मोडेपर्यंत. ती जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, आता नवऱ्याच्या आणि दिरांच्या. माहेरची गेली, सासरची लागली नाही. अवकाळीने बाग झोपली की पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो, भरपाई त्याच खात्यात. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार खातेदाराला. देशातल्या ग्रामीण कामकरी बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त शेतीत आहेत, पण 2015-16च्या कृषी गणनेप्रमाणे कसणाऱ्या खातेदारांत बायका जेमतेम 14 टक्के. आत्याला लाडकी बहीण म्हणून दीड हजार मिळतात आणि ते तिला हवे आहेत. त्यांतून ती गुडघ्याची औषधं आणते, नातवाला वह्या घेते, कोणाला विचारावं लागत नाही. या पैशांना फुकटे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण तिला मिळतं ते बहीण म्हणून मिळतं. शेतकरी म्हणून ती सरकारदरबारी अजून जन्मलेलीच नाही.

आमच्या भागात सातबारा म्हणजे नुसती जमीन नसते. सातबारा असेल तर विकास सोसायटीचं सभासदत्व, पीककर्ज, कारखान्याचा शेअर, आणि त्यामागोमाग जिल्हा बँक, बाजार समिती, राजकारण. पंचायतीत महाराष्ट्राने बायकांना निम्म्या जागा दिल्या. मी अनेक सरपंच बायका जिद्दीने काम करताना पाहिल्यात. पण गावातला पैसा सोसायटीतून आणि कारखान्यातून फिरतो, तिथे संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव. 2024च्या निवडणुकीत लोकसभेच्या 543 जागांवर 74 बायका निवडून आल्या, ही वाट तिथूनच अरुंद होत गेली आहे.

आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय? हंगामात बीडकडून ऊसतोड जोडपी आमच्या कारखान्यांवर येतात. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे थंडीत मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, खोपीवर येऊन स्वयंपाक करते. तिच्या श्रमाची रक्कम किती, हे कुठल्याच वहीत वेगळं लिहिलेलं नसतं. बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं 2019मध्ये समोर आलं. आमच्या पट्ट्यातली साखर त्या हातांनी तोडलेल्या उसाची आहे.

"हिस्सा मागितला की माहेर तुटंल की गं," हे मला चुलती म्हणाली, आत्याही म्हणाली. हा मुद्दा मी हलका मानत नाही. नवऱ्याने टाकलं, विधवा झाली, तर बाई जाणार कुठे? भावाचं दार हाच तिचा विमा, आणि त्याचा हप्ता ती हक्कसोड करून भरते. म्हणूनच मागायचं ओझं तिच्यावर टाकता कामा नये. वाटणी वडिलांनी हयातीत करावी, भावांनी हक्कसोडाचा कागद आणूच नये. 1980च्या दशकात याच सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांना संघटित केलं आणि घर-जमिनीचा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांनी चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बायका निरक्षर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या, आणि 1997मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. भाचीने 'काहीच बदललेलं नाही' म्हणताना या बायकांना विसरू नये.

जगाच्या यादीत आपला नंबर 131 की 120, याने आत्याच्या शेतात काही हलणार नाही. मोजायचं तर गावात मोजावं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ध्वजवंदन झाल्यावर ग्रामसेवक आणि तलाठ्यांनी तीन आकडे वाचून दाखवावेत: गावातल्या खातेदारांत बायका किती, वर्षभरात हक्कसोडपत्रं किती झाली, सोसायटीच्या सभासदांत बायका किती. कारखान्यांनी तोडणीची मजुरी दोघांच्या दोन खात्यांवर भरावी, हंगामाच्या करारातच तसं लिहावं. ठिबक आणि शेततळ्याच्या अनुदानासाठी सातबाऱ्यावर बायकोचंही नाव असावं, अशी अट सरकारने घालावी. इथे स्वित्झर्लंडमध्ये 2027पासून विम्याची अट येतेय, तशीच.

भाचीला मी काम दिलंय. पुढच्या वेळी गावी गेलीस की तलाठी कार्यालयातून 8-अच्या खातेदारांची यादी माग आणि बायकांची नावं मोज. त्यांत विधवा म्हणून लागलेली नावं किती आणि नवरा, बाप हयात असताना लागलेली किती, हे वेगवेगळं लिही. मग ग्रुपवर टाक.