गोळी अडवणारी गाडी सुरुंग अडवत नाही

गडचिरोलीत किंवा बस्तरमध्ये स्फोट झाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. परवा कुठे काही झालेलं नसताना तो पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘लष्कराला महिंद्राची अर्माडो मिळाली. ही गाडी बाँबप्रूफ आहे, कुठल्याही गोळीला दाद देत नाही. आपल्या पोलिसांकडे मात्र एकही चिलखती गाडी नाही. जांभुळखेड्याच्या पोरांना अर्माडो दिली असती तर एकही गेला नसता. ८० लाख वाचवायला सरकारने १५ जवानांचा बळी दिला.’ खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

माझा सख्खा भाऊ आणि मावसभाऊ दोघंही पोलीस दलात आहेत. दोघांनी गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या बाजूला नोकरी केली आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून मला पुढे सरकता येत नाही. त्यातला राग मला पूर्ण समजतो. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि एक चूक तर जीव घेणारी आहे.

तीच आधी घेते. ‘बाँबप्रूफ.’

अर्माडो ही हलकी चिलखती गाडी. संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये महिंद्रा डिफेन्सला अशा १,३०० गाड्यांची १,०५६ कोटींची ऑर्डर दिली आणि जून २०२३ पासून त्या लष्कराला मिळू लागल्या. मंत्रालयाने ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगितलं होतं की मशीनगन, ग्रेनेड लाँचर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं वाहून नेण्यासाठी या गाड्या लढाऊ तुकड्यांना दिल्या जातील. म्हणजे पळायचं, शस्त्र लावायचं, मारा करायचा आणि जागा बदलायची. तिचं चिलखत मोजलं जातं ते मुख्यतः गोळीच्या हिशेबात, नाटोच्या स्टॅनॅग ४५६९ या मानकाच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीने.

या मानकात गोळीची परीक्षा वेगळी आणि सुरुंगाची वेगळी असते. एकीत पास झालेली गाडी दुसरीत पास होईलच असं नाही. सुरुंगाच्या परीक्षेची पहिली पातळी म्हणजे हातबाँब आणि माणसांसाठी पेरलेले छोटे सुरुंग. दुसऱ्या पातळीला ६ किलो स्फोटक, तिसरीला ८, चौथीला १०. सुरुंग चाकाखाली फुटला की बरोबर पोटाखाली, याचीही वेगवेगळी नोंद होते, कारण पोटाखालचा स्फोट फार वाईट.

आता नक्षलवाद्यांचा सुरुंग बघा. २६ एप्रिल २०२३ ला दंतेवाड्यात अरनपूरजवळ डीआरजीचे, म्हणजे छत्तीसगड पोलिसांच्या नक्षलविरोधी दलाचे १० जवान आणि गाडीचा चालक गेले. तिथे रस्त्याखाली ४० ते ५० किलो स्फोटक असल्याचं सांगण्यात आलं, आणि ते रस्त्याच्या कडेने बीळ खणून आत सरकवलेलं होतं. वरचं डांबर जसंच्या तसं. १० किलोची परीक्षा सगळ्यात वरची, आणि इथे तिच्या चौपट-पाचपट माल. अशा स्फोटापुढे ‘बाँबप्रूफ’ हा शब्द उच्चारणंही मला पाप वाटतं.

गोळी आणि सुरुंग यांत एवढा फरक का, हे घरी करून बघता येतं. नळ पूर्ण सोडा आणि धारेखाली परात सपाट धरा. सगळा मार हातावर येतो, मनगट खाली दबतं. आता पत्र्याचा तुकडा मधोमध दुमडून त्याची धार वर करून धरा. पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं, हाताला फारसं जाणवत नाही. स्फोट खालून वर येतो, म्हणून सुरुंगरोधक गाडीचं पोट उलट बाजूने असंच, नांगराच्या फाळासारखं खाली निमुळतं केलेलं असतं. ती जमिनीपासून उंच असते, कारण स्फोटापासूनची प्रत्येक वीत मोलाची. वजनही भरपूर लागतं. दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर ही या जातीची जुनी आणि नावाजलेली गाडी, साधारण ११ टनांची. चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी सोसण्याच्या बेताने ती बनवली होती. आपल्याकडे तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनलेल्या एमपीव्ही, म्हणजे सुरुंगरोधक गाड्या, त्याच वळणाच्या. खुद्द महिंद्राने बीएई सिस्टिम्सशी भागीदारी करून सुरुंगांसाठी म्हणून वेगळी एमपीव्ही काढली होती. हलक्या गाडीने ते काम भागत असतं तर कंपनीने हा खटाटोप कशाला केला असता?

‘कुठल्याही गोळीला दाद देत नाही’ हेही खरं नाही, पण इथे चूक तेवढी मोठी नाही. स्टॅनॅगची दुसरी पातळी म्हणजे ३० मीटरवरून आलेली कलाश्निकोव्हची चिलखतभेदी गोळी अडली पाहिजे. जंगलात लुटलेल्या इन्सास, एसएलआर किंवा एके रायफलींपुढे ही ढाल चांगलीच आहे. पण टंगस्टनच्या गाभ्याची गोळी तिसऱ्या पातळीत येते, आणि जड मशीनगनची त्याच्याही वर. शिवाय बुलेटप्रूफ काच पहिली गोळी झेलते तेव्हा तडकते. त्याच जागी पुन्हा पुन्हा गोळ्या बसल्या की तिची ताकद संपत जाते.

‘पोलिसांकडे एकही चिलखती गाडी नाही’ ही तर सरळ थाप. २६/११ नंतर मुंबई पोलिसांकडे महिंद्राचीच मार्क्समन ही चिलखती गाडी आली. विमानतळांवर सीआयएसएफकडेही ती असते. एकदा बंदोबस्तात उभ्या असलेल्या एका मार्क्समनजवळ मी बराच वेळ थांबले होते. काच बोटभराहून जाड, कडेने बघितलं तर हिरवट. ती खाली होत नाही. बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरतं एक भोक आणि त्यावर झाकण. दार ढकलायला शिपायाला खांदा लावावा लागत होता. तिच्या तळाला हातबाँब सोसण्याइतकं संरक्षण आहे. शहरात अतिरेकी गोळ्या झाडतो आणि हातबाँब फेकतो, त्याला ते पुरतं. रस्त्याखालच्या मोरीत भरून ठेवलेल्या स्फोटकांच्या पोत्याला नाही. आणि गडचिरोली पोलिसांकडे एमपीव्हीही आहेत.

राहिलं गडचिरोलीतलं जांभुळखेडा. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेले शीघ्र कृती दलाचे १५ जवान खासगी गाडीत होते. ते आणि चालक, १६ जण एका स्फोटात गेले. त्या दिवशी आमच्या घरात भावाचा फोन लागेपर्यंत चूल पेटली नव्हती.

ते अर्माडोत असते तर? पहिली गोष्ट, २०१९ मध्ये अर्माडोची ऑर्डरही निघाली नव्हती. दुसरी, एमपीव्हीत असते तरी वाचलेच असते असं कुणी छातीठोक सांगू नये. झारखंडच्या गढव्यात जानेवारी २०१२ मध्ये सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली, १३ पोलीस गेले. १३ मार्च २०१८ ला सुकम्यात किस्टारामजवळ सीआरपीएफचे ९ जवान गेले, तेही एमपीव्हीत होते. २०१२ पर्यंत सीआरपीएफचे महासंचालक असलेल्या के. विजय कुमार यांनी अशा गाड्यांना चाकांवरच्या शवपेट्या म्हटलं होतं. पेरणाऱ्याला गाडी किती सोसते हे कळलं की तो मालाची पोती वाढवतो. त्याला वजनाची मर्यादा नाही, गाडीला आहे.

म्हणूनच ८० लाखांचा मुद्दा मला छळतो. गणित बरोबर आहे, १,०५६ कोटी भागिले १,३०० म्हणजे गाडीमागे ८१ लाखांच्या आसपास. पण त्याने प्रश्न चुकीच्या दारात जातो. जाळपोळ करून पोलिसांना बोलावून घ्यायचं आणि वाटेत सुरुंग लावून बसायचं, ही नक्षलवाद्यांची जुनी खेळी. ती माहीत असताना रस्ता न तपासता एकाच खासगी गाडीत १५ जण का बसले, कुणाच्या हुकमाने बसले? तेव्हा हे प्रश्न विचारले गेले होते. ‘अर्माडो दिली नाही’ म्हटलं की हुकूम देणारा सुटतो आणि सगळा दोष खरेदीच्या फायलीवर जातो.

आणि बाँबप्रूफ गाडीवरचा हा विश्वास जवानापर्यंत पोचला तर? तो पायी चालायच्या ऐवजी आत बसेल. भाऊ सांगतो, एमपीव्ही मिळाली तरी सीटचा पट्टा लावायचा कंटाळा करणारी पोरं असतात. गाडी फुटत नाही, पण हवेत उडते आणि आतला माणूस छताला आपटतो. मान तिथेच जाते.

भावाच्या कॅम्पपासून पुढच्या पोलीस मदत केंद्रापर्यंतचा रस्ता जेमतेम नऊ किलोमीटरचा. गाडीने पंधरा मिनिटं. रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता तपासायला, ते पहाटे निघतात. एक रांग डावीकडे झाडीतून, एक उजवीकडून, दोघांत अंतर ठेवून. मध्ये कुत्रा आणि डिटेक्टरवाला. प्रत्येक मोरीत वाकून बॅटरी मारायची, कडेची माती ताजी उकरलेली दिसते का, वायर दिसते का बघायचं. नऊ किलोमीटरला अर्धा दिवस जातो. त्या रस्त्यावर अकरा मोऱ्या आहेत, आणि त्या त्याला घराच्या पायऱ्यांसारख्या पाठ आहेत.